६० टनी डंपरच्या सीटला एमआर शॉकअप: हादरे खरंच कमी होतात का?

खाणवर्कशॉप_वणी

ओपनकास्ट कोळसा खाणीतल्या ६० टनी रिअर डंपरच्या ड्रायव्हर सीटबद्दल विचारायचं आहे. सीट सिझर पद्धतीची, खाली एअर बॅग आणि तिरका बसवलेला साधा हायड्रॉलिक शॉकअप. सीटचा वर-खाली प्रवास १०० मिमी, गाडीची वायरिंग २४ व्होल्टची. लोडेड गाडी चढावर असताना त्रास कमी. रिकामी गाडी फेसकडे (कोळसा भरण्याच्या जागेकडे) परतताना मात्र सीट खालच्या रबरावर आदळते, आणि ड्रायव्हर कंबर धरून उतरतात.

शॉकअपच्या जागी चुंबकी द्रवाचा, म्हणजे एमआर प्रकारचा, करंटवर कडक-नरम होणारा शॉकअप बसवावा असा विचार आहे. प्रश्न असे:

१. हादरे किती कमी होतील, आणि कमी झाले हे मोजायचं कसं?
२. किती ताकदीचा घ्यायचा आणि सिझरमध्ये कुठे बसवायचा?
३. कंट्रोलर वर्कशॉपमध्ये बनवता येईल का?
४. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकेल का?

(गाडी म्हणजे डंपर आणि सीटखालचा तो डँपर. वाचताना गोंधळ होतो, म्हणून सगळ्यांनी त्याला शॉकअपच म्हणावं ही विनंती.)

स्प्रिंगमास

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट कळलं तर बाकीचे खर्च कदाचित वाचतील.

मोजण्याची रीत ठरलेली आहे. ड्रायव्हरच्या बुडाखाली, गादीच्या वर, तीन दिशांचा सेन्सर असलेली रबरी चकती ठेवायची आणि दुसरा सेन्सर सीटच्या पायापाशी केबिनच्या फ्लोअरला घट्ट बसवायचा. गादीवर मॅग्नेट चालत नाही आणि फ्लोअरच्या रबर मॅटवर ठेवलेला सेन्सर खोटं बोलतो, तेव्हा मॅट कापून पत्र्यावर बसवा. अंगाला बसणारे हादरे मोजण्याच्या आयएसओ २६३१-१ या मानकातलं उभ्या दिशेचं वेटिंग (शरीराला जास्त बाधणाऱ्या वारंवारतांना जास्त वजन) दोन्ही सिग्नलना लावा. सीटवरचा आकडा भागिले फ्लोअरवरचा आकडा म्हणजे सीट फॅक्टर. १ पेक्षा कमी आला तर सीट काम करते आहे. जास्त आला तर सीट हादरे वाढवते आहे आणि लाकडी पाटावर बसलेलं बरं. एकाच रस्त्यावर, त्याच ड्रायव्हरबरोबर, रिकाम्या आणि भरलेल्या किमान पाच-पाच फेऱ्या घ्या. एका फेरीच्या आकड्यावर काहीच ठरवू नका.

आदळण्याचा त्रास असेल तर नुसती आरएमएस (वर्गांची) सरासरी पुरत नाही, कारण एक जोरदार धक्का सरासरीत बुडून जातो. चौथ्या घाताचा व्हीडीव्ही (हादऱ्यांचा साठत जाणारा डोस) काढा, तो धक्क्यांना न्याय देतो. तुलनेसाठी युरोपच्या २००२ च्या निर्देशातले आकडे वापरता येतात. आठ तासांच्या हिशेबाने ०.५ मी/से² ला उपाययोजना सुरू करायची आणि १.१५ ही ओलांडायची नाही अशी मर्यादा. सीटवर ०.९ आला आणि ड्रायव्हर प्रत्यक्षात सहा तास चालवतो, तर आठ तासांचा आकडा ०.९ गुणिले ०.७५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.७८.

आता मूळ अडचण. डंपरचा मुख्य हादरा २ हर्ट्झच्या आसपास असतो. ६० किलो अंगाचा भार (८० किलोच्या माणसाचं साधारण तीन चतुर्थांश वजन सीटवर येतं, बाकी पायांवर आणि स्टिअरिंगवर) आणि सीटचा वरचा भाग २५ किलो धरला तर ८५ किलो. एअर बॅगवर याची स्वतःची वारंवारता १.३ हर्ट्झ धरू. कुठलंही सस्पेन्शन स्वतःच्या वारंवारतेच्या १.४१ पटीच्या वरच हादरे कमी करायला लागतं, म्हणजे इथे १.८४ हर्ट्झच्या वर. मुख्य हादरा २ वर. जेमतेम सीमेपलीकडे! म्हणूनच आयएसओ ७०९६ या सीट चाचणीच्या मानकात मोठ्या डंपरच्या वर्गाला सीट फॅक्टर १.१ पर्यंत चालतो आणि क्रॉलर डोझरच्या वर्गाला मात्र ०.७ लागतो. डोझरची सीट चांगली आणि डंपरची वाईट असा याचा अर्थ नाही. हादराच वेगळा आहे.

साध्या शॉकअपचं दुखणं आकड्यांत बघा. डँपिंग रेशो (शॉकअप हालचाल किती दाबतो याचं माप) ०.१ ठेवला तर २ हर्ट्झला ०.७५ पट आणि ५ हर्ट्झला ०.०९ पट हादरा वर जातो, छान. पण १.३ हर्ट्झला तोच ५ पट होतो आणि सीट खाली आदळते. ०.६ केला तर १.३ हर्ट्झला १.३ पटच, पण ५ हर्ट्झला ०.३३. पोट आणि पाठीचा कणा ४ ते ८ हर्ट्झला सगळ्यात हळवे असतात, आणि तिथेच तुम्ही साडेतीन पट तोटा घेतला. म्हणून सीट बनवणारे ०.३ च्या आसपास तडजोड करतात: १.३ ला १.९ पट, २ ला ०.८३, ५ ला ०.१८.

एमआर शॉकअप हवा तेव्हा कडक, हवा तेव्हा नरम होतो, म्हणून ही तडजोड सैल होते. सैल होते, सुटत नाही. तुमच्या बाबतीत खरा फायदा खालच्या रबरावरची आदळ थांबवण्यात आहे. बारीक सततच्या थरथरीत फार फरक पडेल अशी आशा धरू नका, उलट ती थोडी वाढूही शकते. कारण पुढे येईलच.

आणि शॉकअप बदलण्याआधी हे बघून घ्या: ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे सीट मधल्या उंचीला बसते का, लेव्हलिंग व्हॉल्व्हमधून हवा गळते का, सिझरचे बुश आणि रोलर घासले आहेत का, गादीचा फोम दगड झाला आहे का. बसताच सीट ३० मिमी खाली जात असेल तर खालच्या दिशेला फक्त २० मिमी प्रवास उरतो. मग जगातला कुठलाही शॉकअप आदळ थांबवणार नाही.

सिझर_आणि_पिन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

ट्रकच्या सीटसाठीच बनलेले एमआर शॉकअप १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉर्ड कॉर्पोरेशनने बाजारात आणले. तंत्र त्याहून जुनं, जेकब रॅबिनोने १९४८ मध्ये असाच द्रव वापरून क्लच केला होता. लॉर्डच्या आरडी-८०४०-१ या मॉडेलचे आकडे उदाहरणाला घेऊ: स्ट्रोक ५५ मिमी, ताणलेली लांबी २०८ मिमी, रॉड १० मिमी, कॉइल सुमारे ५ ओहम, सतत १ अँपियर. १ अँपियरला ५ सेंमी/से वेगात दोन्ही दिशा मिळून २४४७ न्यूटनपेक्षा जास्त बल. करंट शून्य असताना २० सेंमी/से ला ६६७ न्यूटनच्या आत. एका दिशेचा आकडा हवा तर निम्मं करा. इथेच पहिली चूक होते.

दुसरी चूक प्रवासाच्या गुणोत्तराची. सीट १०० मिमी हलते आणि शॉकअप ५५ मिमीच. म्हणून पिनच्या जागा अशा निवडा की सीट १०० हलली की शॉकअप ५० हलेल, गुणोत्तर ०.५. दोन्ही टोकांना अडीच-अडीच मिमी शिल्लक राहते. सीटचे रबर स्टॉप आधी टेकले पाहिजेत, शॉकअपचा पिस्टन कधीच तळाला लागता कामा नये. पिस्टन तळाला लागला तर रॉड वाकतो किंवा सील जातं, आणि दुरुस्ती नाही.

गुणोत्तर ०.५ असेल तर सीटवर बल निम्मं येतं आणि डँपिंग पाव. म्हणजे १ अँपियरला शॉकअपचे १२२० न्यूटन सीटवर ६१० होतात. ८५ किलोवर ७.२ मी/से² चा ब्रेक मिळाला.

सिझरमध्ये गुणोत्तर सगळ्या उंचीला सारखं नसतं. एअर बॅगची हवा सोडा, सीट १०-१० मिमीने उचलत शॉकअपच्या दोन पिनांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि तक्ता करा. तिरका शॉकअप फार आडवा झाला तर तळाशी गुणोत्तर ०.३ वर येतं. जिथे ताकद सगळ्यात जास्त हवी, नेमकी तिथेच ती नसते. ब्रॅकेट असं लावा की सीट खाली जाताना शॉकअप उभा होत जाईल.

आता स्प्रिंगमास यांनी राखून ठेवलेलं कारण. डँपिंग रेशो ०.३ म्हणजे या सीटला ४१७ न्यूटन-सेकंद/मीटर. सीटचा सापेक्ष वेग ०.४ मी/से असेल तर बल १६७ न्यूटन. वरच्या शॉकअपची शून्य करंटची कमाल मर्यादा त्याच वेगाला किती होते? शॉकअपचा वेग ०.२, बल एका दिशेला ३३३, सीटवर १६७. अगदी तेवढंच! म्हणजे तुमचा 'नरम' शॉकअप वाईटात वाईट स्थितीत साध्या शॉकअपइतका कडक. शिवाय साध्या शॉकअपचं बल वेग कमी झाला की कमी होतं. याचं मात्र सीलच्या घर्षणामुळे आणि लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे मंद वेगालाही बरंचसं तसंच राहतं. सिझरचं आणि शॉकअपचं मिळून घर्षण १०० न्यूटन असेल, तर १०० भागिले ८५ म्हणजे सुमारे १.२ मी/से² पेक्षा कमी हादऱ्याला सीट हलतच नाही. जसाच्या तसा अंगात जातो. बारीक थरथर वाढते ती अशी.

घर्षण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. सीटवर ६० किलोची वाळूची पोती, एअर बॅग मधल्या उंचीला. काटा अडकवून सीट हळू वर ओढा, सरकताना किती दाखवतो ते लिहा. मग तसंच खाली ओढा. एकाच उंचीला वर आणि खाली ओढण्याच्या बलांची बेरीज करून निम्मी करा, ते घर्षण. आधी शॉकअप काढून, मग लावून. शॉकअपविनाच ६० न्यूटनच्या वर आलं तर आधी बुश आणि रोलर बदला.

गॅसचा दाबही धरा. आत नायट्रोजन असतो. तो २० बार असेल तर १० मिमीच्या रॉडवर सुमारे १५७ न्यूटन सतत बाहेर ढकलतो, सीटवर जवळपास ७८. म्हणजे ८ किलोचा माणूस कमी झाल्यासारखं. सीटची उंची पुन्हा जुळवावी लागते.

खाणवर्कशॉप_वणी

घर्षणाचा हिशेब डोळे उघडणारा आहे. पोत्यांची चाचणी करतो. आमच्याकडे मजुरी स्वस्त, तेव्हा द्रव घरीच बनवून शॉकअप भरता येईल का, हेही सांगा. कार्बोनिल लोखंडाची भुकटी मिळते असं कळलं.

तेलमाती

टेबलावरच्या प्रयोगाला येईल, सीटला नको.

प्रमाण असं: १ लिटर द्रवात घनफळाने ३० टक्के लोखंड म्हणजे २.३६ किलो भुकटी आणि ७०० मिली सिलिकॉन तेल. वजनाने सुमारे ७८ टक्के लोखंड! भुकटी कार्बोनिलच हवी, १ ते १० मायक्रॉनचे गोल कण. लेथचा किस किंवा ग्राइंडरची भुकटी चालत नाही: कण टोकदार असतात आणि सील, रॉडचं क्रोम दोन्ही खरवडतात, शिवाय चुंबकत्व धरून ठेवतात. थोडा लिथियम ग्रीस किंवा फ्यूम्ड सिलिका घातला तर कण लवकर बसत नाहीत, पण बसतातच. लोखंडाची घनता ७.८६ आणि तेलाची एकाच्या आत, कोण थांबवणार? बाजारचा चांगला द्रवही महिनाभर उभ्या गाडीत खाली बसतो. फरक एवढाच की त्याचा गाळ मऊ राहतो आणि पाच-दहा स्ट्रोकमध्ये मिसळतो. घरच्या द्रवाचा गाळ विटेसारखा होतो.

ब्रेकडाऊनमध्ये उभी राहिलेली गाडी सुरू करताना करंट न देता सीट हाताने १५-२० वेळा वर-खाली करा आणि मगच कंट्रोलर चालू करा.

शॉकअप उघडू नका, आत दाबाखाली गॅस आहे. गळू लागला तर रॉडवर राखाडी-काळा चिकट थर येतो. वरून साधं शॉकअप तेल भरणं हा उपाय नाही, त्याने लोखंडाचं प्रमाणच पडतं.

उन्हाळ्याबद्दल: लॉर्डच्या एमआरएफ-१३२डीजी द्रवाची मर्यादा उणे ४० ते १३० अंश सेल्सिअस आहे. चंद्रपूर-वणीचे ४६-४७ अंश आणि बंद केबिन मिळूनही तिथपर्यंत जात नाही. अडचण द्रवाची नाही, कॉइलची. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशाला ५ ओहम असेल तर ७० अंशाला ५.९. ठराविक व्होल्टेज दिलं तर दुपारी बल सकाळपेक्षा कमी. म्हणून व्होल्टेज नाही, करंट नियंत्रित करा.

विजेच्या क्षेत्रावर घट्ट होणाऱ्या ईआर द्रवाबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगतो: त्याला मिलिमीटरमागे हजारो व्होल्ट लागतात. कोळशाच्या धुळीत ड्रायव्हरच्या बुडाखाली ते कुणाला हवंय?

करंटवाला

कंट्रोलर बनवता येतो. इलेक्ट्रॉनिक्स अवघड नाही, पण चार ठिकाणी माणसं हमखास चुकतात.

सेन्सर तीन. सीट पॅनखाली, गादीच्या खाली लोखंडाला एक ॲक्सेलरोमीटर आणि फ्लोअरला एक, दोन्ही ±४ जी पुरतात. सिझरच्या पिव्होटला हॉल प्रकारचा कोन मोजणारा सेन्सर. कार्बन ट्रॅकचा पोटेन्शिओमीटर लावू नका, तो मधल्या उंचीच्या एकाच जागी घासून पोकळ होतो. फ्लोअरचा सेन्सर नियंत्रणाला लागत नाही, पण खराबी शोधायला आणि सीट फॅक्टर रोज पाहायला लागतो.

नियंत्रणाचा नियम १९७४ मध्ये कार्नोप, क्रॉस्बी आणि हार्वुड यांनी मांडलेला, नाव स्कायहूक. सीटचा फ्लोअरच्या सापेक्ष नव्हे, आकाशाला बांधल्यासारखा खरा वेग घ्या. सीट आणि फ्लोअर यांच्यातला सापेक्ष वेग घ्या. दोन्हींचा गुणाकार धन असेल तर करंट द्या, सीटच्या खऱ्या वेगाच्या प्रमाणात. ऋण असेल तर करंट शून्य. कागदावर आदर्श स्कायहूकने, ०.६ रेशोला, १.३ हर्ट्झला ०.८३ पट आणि २ ला ०.४४ पट येतो. शॉकअप ऊर्जा फक्त खाऊ शकतो, देऊ शकत नाही, आणि शून्य करंटलाही तो पूर्ण नरम नसतो, म्हणून प्रत्यक्षात साध्या शॉकअपच्या आणि या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी येता.

खरा वेग ॲक्सेलरोमीटरचं इंटिग्रेशन करून मिळतो, आणि इथे पहिली चूक. इंटिग्रेटर भरकटू नये म्हणून हायपास फिल्टर (अगदी मंद बदल कापणारा) लावतात. ०.२ हर्ट्झचे दोन टप्पे लावले तर १ हर्ट्झला सुमारे २३ अंश फेज पुढे सरकतो. ०.५ चे लावले तर ५३ अंश. मग करंट चुकीच्या वेळी जातो आणि सीट स्कायहूकशिवाय होती त्याहून वाईट वाटते. एक टप्पा ०.१५ चा आणि दुसरा ०.२ चा, याहून वर जाऊ नका. चढ-उतारावर केबिन झुकते आणि गुरुत्वाचा घटक बदलतो, त्यामुळे त्याहून खालीही जाऊ नका.

दुसरी चूक उडीची. सापेक्ष वेग शून्यातून जाताना करंट एकदम ०चा ०.८ केला तर ड्रायव्हरला टकटक जाणवते, मागून कुणी बोटाने ठोकल्यासारखी. सापेक्ष वेग ०.०३ मी/से च्या आत असेल तेव्हा करंट त्याच प्रमाणात उतरवा.

तिसरी चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते: कॉइलला साधा फ्रीव्हील डायोड. कॉइलचा इंडक्टन्स ४० मिलिहेन्री धरला तर ५ ओहमला टाइम कॉन्स्टंट ८ मिलिसेकंद. चढताना २४ व्होल्ट आहेत, ५ व्होल्टचं काम असल्याने करंट झटकन चढतो. उतरताना मात्र साध्या डायोडमधून रेंगाळतो, १ चा ०.१ व्हायला डायोडप्रमाणे १२ ते १८ मिलिसेकंद. कडक लगेच, नरम उशिरा. एच-ब्रिज (व्होल्टेजची दिशा उलटवणारं सर्किट) वापरा, म्हणजे उतरवताना उलट २४ व्होल्ट लावता येतात. शून्यावर आल्यावर ०.१ अँपियरचा एक छोटा उलटा पल्स दिला तर उरलेलं चुंबकत्वही बरंचसं जातं. वर सांगितलेलं शून्य करंटचं बल यानेच थोडं कमी होतं. पीडब्ल्यूएम (करंट नियंत्रित करायला व्होल्टेज भराभर चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झच्या वर ठेवा, नाहीतर सीट शिट्टी वाजवते. लूप ५०० हर्ट्झ पुरे.

चौथी: २४ व्होल्टच्या गाडीत २४ व्होल्ट कधीच नसतात. १८ ते ३२ धरा, आणि बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल तर अल्टरनेटरचा झटका १०० च्या पुढे जातो. झटका शोषणारा टीव्हीएस डायोड, उलट जोडणीपासून संरक्षण, ३ अँपियरचा फ्यूज.

तुमच्या आदळण्याला वेगळा नियम लागतो, स्कायहूकच्या वरचा. सीट स्टॉपकडे जात असेल तर उरलेलं अंतर आणि सापेक्ष वेग यांवरून लागणारा ब्रेक काढा: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. वेग ०.६ मी/से आणि अंतर २५ मिमी असेल तर ७.२ मी/से². वर काढलेली शॉकअपची पूर्ण ताकद तेवढीच आहे. २० मिमीला सुरुवात केली तर ९ लागतील आणि शॉकअप पुरणार नाही. म्हणून ३० मिमी उरल्यापासून हिशेब सुरू करा आणि करंट हळूहळू चढवा. फक्त स्टॉपकडे जाताना. परत वर येताना करंट ठेवला तर सीट खालीच चिकटते आणि पुढचा खड्डा तशाच अवस्थेत बसतो.

सिझर_आणि_पिन

एक भर. कॉइलची वायर रॉडमधून बाहेर येते आणि बहुतेक शॉकअप द्रवामुळे नाही, या वायरमुळे बंद पडतात. ६०-७० मिमीचा सैल फास ठेवा, सिझरच्या हातांपासून लांब, आणि ताण येणार नाही अशी क्लिप रॉडच्या बाजूच्या ब्रॅकेटलाच लावा, फ्लोअरला नको. दर सर्व्हिसला रोध मोजा. ५-६ ओहम ठीक. सीट हलवताना आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून तुटली आहे.

स्प्रिंगमास

आणि आडव्या हादऱ्यांना यातलं काहीही उपयोगी नाही. डंपर डाव्या-उजव्या बाजूला डुलतो त्याचं आयएसओ वेटिंग १.४ ने गुणलेलं असतं. आडवा आकडा उभ्यापेक्षा मोठा निघाला तर पैसे ग्रेडरच्या फेऱ्यांवर आणि टायरच्या हवेवर घाला.

खाणवर्कशॉप_वणी

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: कंट्रोलर बंद पडला तर? करंट शून्य म्हणजे सीट नरम, म्हणजे आधीपेक्षा जास्त आदळणार, बरोबर?

करंटवाला

बरोबर, म्हणून बंद पडताना ती नरम न होता मधली व्हायला हवी. कॉइलला ७५ ओहमचा २५ वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर मालिकेत घालून २४ व्होल्टला एनसी (सुटलेला असताना जोडलेल्या) रिलेमधून जोडा. प्रोसेसर जिवंत असताना वॉचडॉग (प्रोसेसरवर नजर ठेवणारं सर्किट) रिले ओढून धरतो आणि हा मार्ग तुटलेला राहतो. प्रोसेसर अडकला की रिले सुटतो आणि कॉइलला ०.३ अँपियर मिळतो. २८ व्होल्टला रेझिस्टरमध्ये ९ वॅट जळतात, म्हणून १० वॅटचा घेऊ नका, आणि तो फोमपासून लांब लोखंडाला बसवा. रिले दोन पोलचा घ्या, सुटताना एच-ब्रिजही कॉइलपासून वेगळा झाला पाहिजे. नाहीतर शॉर्ट झालेला ब्रिज रेझिस्टरचा करंटही गिळतो. या मार्गाला फ्यूज वेगळा द्या. कंट्रोलरच्याच फ्यूजवर घेतला, तर फ्यूज उडेल तेव्हा दोन्ही एकदम जातील.